कारखाना सगळ्यांचा तोच, पण रांगेतला नंबर वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की फोन असो, टीव्ही असो नाहीतर इअरबड, सगळे ब्रँड त्याच चार-पाच कंत्राटी कारखान्यांकडून माल बनवून घेतात, चिपही क्वालकॉम नाहीतर मीडियाटेकचीच, मग सप्लाय चेन ही एखाद्या कंपनीची ताकद होतेच कशी? आणि तुमच्यासारख्या, पुण्यात इअरबडचा छोटा ब्रँड काढू बघणाऱ्यानं त्यातून नेमकं काय घ्यायचं?

माझं बरंचसं आयुष्य सोर्सिंगमध्ये, म्हणजे कारखान्यांसाठी पार्ट शोधण्या-खरेदण्यात गेलं, रांजणगाव-चाकण पट्ट्यात आणि मधेमधे चीनमध्ये शेनझेनला, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो. कारखाना सगळ्यांना मिळतो हे खरंय, पण माल कमी पडला की आधी कुणाला द्यायचा हे सप्लायर ठरवतो, याला आम्ही ॲलोकेशन म्हणतो, आणि त्या यादीतला नंबर घासाघीस करून वर जात नाही. तो वर जातो जोखीम उचलून. सप्लायरला रात्री झोप का लागत नाही ते ओळखायचं आणि ते ओझं आपल्या अंगावर घ्यायचं, की तो तुम्हाला पुढं उभं करतो. कोण कुठली जोखीम घेतो आणि त्या बदल्यात काय मिळवतो, हा एक धागा धरून बघितलंत तर या धंद्यातली बहुतेक मोठी भांडणं समजतात.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण ॲपलचंच, पण आयफोनचं नाही, आयपॉडचं. २००१ च्या फेब्रुवारीत ॲपलचे हार्डवेअर प्रमुख जॉन रुबिनस्टाइन जपानला तोशिबाकडे नेहमीच्या सप्लायर मीटिंगला गेलेले. तिथं त्यांना १.८ इंची, ५ जीबीची बारकी हार्ड डिस्क दाखवली गेली, तोशिबाला ती बनवता येत होती पण तिचं करायचं काय हे काही सुचत नव्हतं. रुबिनस्टाइनना सुचलं. त्यांनी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांच्याकडून पैसे मंजूर करून घेतले आणि तोशिबा बनवेल तेवढ्या सगळ्या ड्राइव्हवर हक्क मिळवला. ऑक्टोबरमध्ये आयपॉड आला. एमपी३ प्लेयर बाजारात आधीपासून होते, पण हार्ड डिस्कवाले प्लेयर लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कवर चालायचे आणि खिशात मावायचे नाहीत. दुसऱ्या कुणाला आयपॉडसारखा प्लेयर बनवायचा म्हटला तरी सुरुवातीला ती डिस्कच मिळेना. म्हणजे डिझाइनची जाहिरात खूप झाली पण दार बंद केलं होतं ते पर्चेस ऑर्डरनं.

त्याच्यापेक्षा मोठा डाव २००५ चा. सप्टेंबरात आयपॉड नॅनो आला, तो हार्ड डिस्कवर नाही, फ्लॅश मेमरीवर (पेनड्राइव्हमध्ये असते तसली मेमरी चिप). आणि २१ नोव्हेंबरला ॲपलनं जाहीर केलं की हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन, सॅमसंग आणि तोशिबा या पाच कंपन्यांशी २०१० पर्यंतचे फ्लॅश पुरवठ्याचे करार केलेत आणि त्यासाठी १२५ कोटी डॉलर ॲडव्हान्स देणार. त्या वेळी बऱ्याच लोकांना हा वेडेपणा वाटला, मेमरीचा भाव तर दर वर्षी पडतो, मग आधी पैसे कशाला अडकवायचे?

आता हे मेमरी बनवणाऱ्याच्या खुर्चीतून बघा. फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, उभा करायला अब्जावधी डॉलर लागतात, उभा राहून माल निघायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर मागणी असेल का नसेल हे कुणी सांगू शकत नाही. मेमरीच्या धंद्यात हे चक्र कायम चालतं, तुटवडा पडला की सगळे एकदम फॅब बांधतात, दोन वर्षांनी एकदम माल येतो, भाव आपटतो, दोन-तीन कंपन्या तोट्यात जातात, मग कुणी बांधत नाही, की पुन्हा तुटवडा. अशा माणसाला कुणी येऊन पाच वर्षांची मागणी आणि वर रोख पैसे दिले तर तो भावही कमी लावतो आणि तुटवड्यात त्याचाच माल आधी काढतो. ॲपलनं मागणीची जोखीम घेतली, बदल्यात मालाची खात्री घेतली. आणि एक गोष्ट लोक विसरतात, की बाजारातली मोठी क्षमता एकानं आधीच बुक केली की उरलेल्यात बाकीच्यांची ओढाताण होते, म्हणजे तुमची खात्री वाढते तेव्हा समोरच्याची अडचण आपोआप वाढते. आयफोन २००७ साली आला तेव्हा फ्लॅशची ही व्यवस्था आधीच लागलेली होती.

हीच पद्धत पुढे सगळीकडे दिसते. कंत्राटी कारखान्यात उभी असलेली बरीच मशीनं आणि टूलिंग (साचे वगैरे) ॲपलच्या मालकीचं असतं, कारखाना आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनचा, जागा फॉक्सकॉनची, पण मशीन ॲपलचं, त्यामुळे त्या मशीनवर दुसऱ्याचा माल निघायचा प्रश्नच नाही. चिपमध्ये २०१४ ला ए८ चिपपासून टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीशी संसार सुरू झाला, २०१६ च्या ए१० पासून आयफोनची मुख्य चिप पूर्ण तिकडेच, आणि २०२३ मध्ये ३ नॅनोमीटरची प्रोसेस आली तेव्हा फोनमध्ये ती पहिली ए१७ प्रोला मिळाली. नव्या नोडचा, म्हणजे नव्या प्रोसेसचा, पहिल्या वर्षाचा यील्ड (चांगल्या निघणाऱ्या मालाचं प्रमाण) वाईट असतो आणि वेफर, म्हणजे ज्यावर चिप बनतात त्या चकत्या, महाग असतात, त्या काळात फॅब भरून देणारं गिऱ्हाईक टीएसएमसीला लागतं. ते ओझं कुणीतरी घ्यावं लागतं आणि जो घेतो त्याला स्पर्धकाच्या काही महिने आधी ती चिप मिळते.

या सगळ्याला पैसा लागतो हे उघड आहे, पण पैसा आला कुठून हे बघणं जास्त शिकवतं. १९९८ च्या मार्चमध्ये टिम कुक कॉम्पॅकमधून ॲपलमध्ये आले तेव्हा कंपनीकडे महिनाभराचा माल पडून असायचा. त्याच आर्थिक वर्षाच्या शेवटी तो सहा दिवसांवर आणला गेला. गोदामं बंद केली, सप्लायर कमी केले, उरलेल्यांना कारखान्याजवळ यायला लावलं. कुक यांनी स्वतः या धंद्याला दुधाच्या धंद्याची उपमा दिली आहे, तारीख उलटली की माल नासला, आणि ज्यानं एकदा स्टॉकमध्ये हात पोळून घेतलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये गोदामात पडलेला माल नुसता व्याज खात नाही, त्याची किंमत आठवड्याला उतरते. समजा तुमच्याकडे १००० रुपयांचा पार्ट आहे आणि त्याचा भाव आठवड्याला एक टक्का पडतोय, तर दहा आठवडे ठेवलात तर जवळजवळ शंभर रुपये गेले, आणि या धंद्यात बऱ्याच ब्रँडचं निव्वळ मार्जिन तेवढंही नसतं. वर ॲपल ग्राहकाकडून पैसे आधी घेते आणि सप्लायरला नंतर देते, म्हणजे सप्लायरच्या पैशावर धंदा फिरतो आणि जमलेली रोकड पुन्हा ॲडव्हान्स द्यायला वापरता येते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की बाहेरून आलेल्याला तोडणं फार अवघड.

आणि हे जमतं कारण मॉडेलं मोजकी आहेत. या मुद्द्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं असं माझं ठाम मत आहे. वीस मॉडेलं काढणारा ब्रँड वीस वेगळे फोरकास्ट (मागणीचे अंदाज) करतो आणि सगळे थोडे थोडे चुकतात, एकाचा माल संपतो, दुसऱ्याचा सडतो, आणि कुठल्याच एका पार्टचं व्हॉल्यूम इतकं होत नाही की सप्लायरनं तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलावा.

आता दुसरी बाजू, अडचण आली तेव्हा कोण कसं वागलं. हे प्रकरण जुनं आहे पण मी आमच्या नवीन मुलांना अजून हेच सांगतो. १७ मार्च २०००, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथं फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. दहा मिनिटांच्या आत विझली. वेफरचे थोडे ट्रे जळाले. पण क्लीनरूममध्ये धूर आणि पाणी गेलं, आणि चिपच्या कारखान्यात धुळीचा कणही चालत नाही तिथं धूर म्हणजे लाखो फोनला पुरेल एवढा माल वाया. त्या कारखान्याच्या जवळजवळ ४० टक्के ऑर्डर नोकिया आणि एरिक्सन या दोघांच्या होत्या. फिलिप्सनं दोघांनाही सांगितलं, आठवडाभर उशीर होईल.

बातमी एकच होती आणि दोघांना बरोबरच मिळाली. नोकियात त्या पार्टला लगेच खास देखरेखीच्या यादीत टाकलं आणि रोज फोन सुरू केले. दोन आठवड्यांनी कळलं की आठवडा नाही, काही महिने जाणार, तेव्हा प्रकरण थेट वरच्या पातळीवर नेलं, फिलिप्सच्या आइंडहोवन आणि शांघायच्या कारखान्यांतली क्षमता आपल्याकडे वळवून घेतली, काही चिपचं डिझाइन बदलून त्या दुसऱ्या सप्लायरकडून बनवून घेतल्या. एरिक्सननं खर्च वाचवायला नव्वदच्या दशकात सेकंड सोर्स, म्हणजे त्याच पार्टचे पर्यायी सप्लायर, काढून टाकले होते, आणि खालच्या लोकांना आगीची बातमी माहीत असूनही वरपर्यंत वेळेत पोचली नाही. जागे झाले तेव्हा उरलेली क्षमता नोकियानं उचललेली होती. एरिक्सनचा जवळपास ४० कोटी डॉलरचा धंदा बुडाला, आणि पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००१ मध्ये, हँडसेटचा व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. एकट्या आगीनं एरिक्सन बुडाली असं कुणी म्हणू नये, त्यांच्या फोनमध्येही अडचणी होत्या. पण सेकंड सोर्स काढून जो पैसा वाचला होता तो काही आठवड्यांत कित्येक पटीनं गेला हे नक्की, आणि हा हिशोब पर्चेसच्या रिपोर्टमध्ये कधीच दिसत नाही, कारण तिथं फक्त वाचलेले पैसे लिहिले जातात.

सॅमसंगची तऱ्हा वेगळी. मेमरी स्वतःची, ओएलईडी स्क्रीन स्वतःची, कारखाने स्वतःचे, म्हणजे जोखीम सगळी घरातच. चांगल्या दिवसात याचा जबरदस्त फायदा होतो. २०१० साली एमोलेडचा (ओएलईडी स्क्रीनचाच प्रकार) तुटवडा पडला आणि ते पॅनेल मुख्यतः सॅमसंगकडेच बनत होतं, तेव्हा एचटीसीला आपल्या डिझायर फोनची स्क्रीन बदलून सोनीचं एलसीडी घ्यावं लागलं. सप्लायर हाच स्पर्धक असेल तर तुटवड्यात पहिला कोण जेवणार हे वेगळं सांगायला नको. तरी गंमत अशी की २०११ पासून ॲपल आणि सॅमसंग कोर्टात एकमेकांच्या उरावर बसलेले असताना चिपचा व्यवहार चालूच होता, आणि २०१७ च्या आयफोन टेनची ओएलईडी स्क्रीन पण सॅमसंगचीच. ॲपलला चांगली स्क्रीन पाहिजे होती आणि सॅमसंगच्या डिस्प्ले विभागाला कारखाना भरायला एवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

पण सगळं घरात ठेवलं म्हणून सुरक्षित होतं असं नाही. २०१६ चा गॅलक्सी नोट ७ आठवा. ऑगस्टमध्ये आला, बॅटऱ्या पेटायला लागल्या, सप्टेंबरच्या सुरुवातीला २५ लाख फोन परत बोलावले. अडचण एका सप्लायरच्या बॅटरीत आहे म्हणून दुसऱ्या सप्लायरकडचं प्रमाण वाढवलं, घाईघाईत बदली फोन दिले, आणि तेही पेटले, दुसऱ्या बॅटरीत वेगळाच दोष निघाला, वेल्डिंगचा. ऑक्टोबरमध्ये मॉडेल कायमचं बंद. इथं सेकंड सोर्स होता, बरं का. पण जो सप्लायर कमी वाटा देतोय त्याच्याकडे एकदम सगळा भार टाकला की त्याची प्रोसेस ताणली जाते, कर्मचारी नवे, तपासणी घाईत, आणि घाईतला माल बाहेर पडतो. म्हणून सेकंड सोर्स आहे का एवढंच विचारून भागत नाही, त्याला दुप्पट व्हॉल्यूम देऊन एकदा तरी चालवून बघितलंय का हे विचारावं लागतं.

टीव्हीत तर सॅमसंगनं उलटच केलं, आणि मला तो निर्णय फार धाडसी वाटतो. टीव्हीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पॅनेलचा. चीनमध्ये बीओई, टीसीएलची सीएसओटी यांनी सरकारी पाठबळावर एवढे फॅब बांधले की एलसीडी पॅनेलचा भाव घसरतच गेला. सॅमसंग डिस्प्लेनं २०२२ मध्ये एलसीडी बनवणं बंद केलं. एलजी डिस्प्लेनं ग्वांगझूचा एलसीडी कारखाना सीएसओटीलाच विकला. म्हणजे २००६ पासून जगात एक नंबरवर असलेला सॅमसंगसारखा टीव्ही ब्रँड आज आपल्या थेट स्पर्धकाच्या घरचं पॅनेल घेतो. तोट्यातल्या फॅबची जोखीम टाकून दिली, पण बदल्यात भाव ठरवायची ताकद समोरच्याच्या हातात गेली. चिनी कारखाने मागणी कमी झाली की सुट्ट्या लांबवून उत्पादन कमी करतात आणि भाव सावरतात, हे आता उघडपणे चालतं. सॅमसंगचा निर्णय बरोबर का चूक हे अजून पाचेक वर्षांनी कळेल.

ॲडव्हान्स देणं ही जादूची कांडी आहे असं वरून वाटलं असेल तर जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीजची हकीकत बघा. २०१३ च्या अखेरीस ॲपलनं या कंपनीला नीलमणी काच बनवायला ५७.८ कोटी डॉलर हप्त्यांनी देऊ केले, ॲरिझोनात मेसा इथं कारखाना. ही कंपनी मुळात भट्ट्या विकणारी, स्वतः एवढ्या प्रमाणावर नीलमणी बनवणारी नव्हे. करारात ॲपलवर माल घेण्याचं बंधन नव्हतं, पण जीटीवर मात्र दुसऱ्याला माल विकण्यावर बंधनं होती. भट्टीतून निघणारे मोठे ठोकळे तडकत होते, यील्ड येईना, शेवटचा हप्ता अडला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये जीटी दिवाळखोरीत गेली. फोनही आला तो साध्या काचेचा. इथं पैसे ॲपलचे होते, पण जोखीम सगळी सप्लायरच्या डोक्यावर ढकलली होती, आणि ज्याला ती पेलणार नाही त्याच्या डोक्यावर ढकलली की माल तुम्हालाच मिळत नाही. असा करार कागदावर कितीही फायद्याचा दिसला तरी मी सही करणार नाही. कुणी फुकटात सगळी जोखीम घेतो म्हणाला तर उलट जास्त सावध व्हायचं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर व्हिडिओकॉनचं द्यावं लागेल, आणि ते लिहिताना वाईट वाटतं, कारण औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) चितेगावला जे उभं राहिलं होतं ते खरोखर मोठं होतं, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटायची. टीव्ही जोडण्यावर न थांबता ही मंडळी मागे गेली, पिक्चर ट्यूबला लागणाऱ्या काचेपर्यंत, त्याचा कारखाना गुजरातेत भरूचला. आजच्या भाषेत यालाच बॅकवर्ड इंटिग्रेशन म्हणून टाळ्या मिळतात. २००५ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा साधारण २४ कोटी युरोला घेतला, इटली, पोलंड, मेक्सिको, चीनमधल्या कारखान्यांसकट. तर्क असा की पाश्चात्त्य देशांत एलसीडी आला तरी गरीब देशांत ट्यूबवाला टीव्ही अजून बरीच वर्षं चालेल. पण एलसीडीचा भाव कुणाच्याही अंदाजापेक्षा वेगानं पडला आणि २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगात एलसीडी टीव्हीची विक्री ट्यूबच्या पुढे गेली. ज्या साली ॲपल येणाऱ्या तंत्रज्ञानाची क्षमता बुक करत होती त्याच साली व्हिडिओकॉननं जाणाऱ्या तंत्रज्ञानाची क्षमता विकत घेतली. कंपनी पुढं बुडाली त्याला टेलिकॉम, तेल, कर्ज अशी आणखी कारणं होती, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं. पण सप्लाय चेनच्या दृष्टीनं मला २००५ चा तो करार जास्त मोलाचा धडा वाटतो.

भारताचं आजचं चित्र थोडक्यात सांगतो, कारण यावर बोलणारे खूप आहेत. एप्रिल २०२० मध्ये मोबाईलसाठी पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी सरकारी योजना आली, सुमारे ४१ हजार कोटींची, वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन. त्यानं असेंब्ली आली, खरीखुरी आली, श्रीपेरुंबुदूर, कोलार, होसूर, नोएडा इथं लाखाच्या हिशोबात माणसं कामाला लागली, टाटांनी आयफोन जोडणाऱ्या विस्ट्रॉनचा कारखाना घेतला, तसंच काम करणाऱ्या पेगाट्रॉनच्या भारतातल्या कंपनीत ६० टक्के हिस्सा घेतला. आपल्याकडे रांजणगावला जेबिल आहे, एलजी आहे. पण फोनच्या आतली मेमरी, डिस्प्ले, चिप, कॅमेऱ्याचा सेन्सर बाहेरूनच येतो, आणि म्हणून २०२५ मध्ये पार्ट्ससाठी वेगळी २२,९१९ कोटींची योजना काढावी लागली. चीनची खरी ताकद स्वस्त मजुरीत आहे असं अजून लोक म्हणतात, ते सोडून द्या. शेनझेनमध्ये सकाळी टूलमध्ये, म्हणजे साच्यात, दोष सापडला तर संध्याकाळपर्यंत टूल दुरुस्त होऊन परत मशीनवर चढतं, कारण टूलरूम, प्लेटिंगवाला, स्क्रूवाला, खोकेवाला सगळे तासाभराच्या अंतरात. आपल्याकडे हाच टूल पुण्याहून बेंगळुरूला जाऊन येतो. ते अंतर कमी होणं म्हणजे सप्लाय चेन येणं, नुसत्या असेंब्ली लाइनच्या उद्घाटनानं ती येत नाही.

आता तुमचं. तुम्ही ॲपल नाही, ॲडव्हान्स देऊन फॅब अडवू शकत नाही, मग कुठली जोखीम उचलायची? तुम्हाला परवडेल अशी एकच आहे, ती म्हणजे फोरकास्टची. सप्लायरला सहा महिन्यांचा फोरकास्ट द्या आणि त्यातले पहिले दोन-तीन महिने पक्के, रद्द न होणारे, लेखी. छोट्या ब्रँडची सवय असते की मोठे आकडे सांगायचे, भाव पाडून घ्यायचा आणि मग चौथा हिस्सा उचलायचा. सप्लायर हे एकदा खपवून घेतो. त्यापेक्षा छोटा आकडा सांगून तो दर वेळी उचलणारा माणूस त्याला हवाहवासा वाटतो, आणि तुटवड्यात त्याला चार रील जास्त मिळतात.

रील म्हटल्यावर आठवलं, २०१८ चा एमएलसीसीचा तुटवडा. एमएलसीसी म्हणजे सर्किट बोर्डावरचे साखरेच्या दाण्याहून बारीक सिरॅमिक कपॅसिटर, एका फोनमध्ये हजाराच्या घरात बसतात, एकेकाची किंमत पैशात. ०४०२ साइजचं एक रील म्हणजे दहा हजार नग, सात इंची प्लास्टिकची चकती. जपानी कंपन्यांनी गाड्यांसाठीच्या महाग मालाकडे लाइन वळवल्या आणि साधा माल बाजारातून गेला. मी ज्या कारखान्यासाठी तेव्हा खरेदी करत होतो तिथं एसएमटी लाइन (बोर्डावर पार्ट बसवणारी मशीनं) थांबून राहिलेली, प्रोसेसर कपाटात, डिस्प्ले कपाटात, आणि एका कपॅसिटरचं रील नाही म्हणून बोर्ड निघत नाही. स्पॉट मार्केटमध्ये, म्हणजे करार नसलेल्या खुल्या बाजारात, दहापट भाव. आणि तिथून आलेल्या रीलवर लेबल ब्रँडचं पण डेट कोड (बनवल्याची तारीख) खोडून पुन्हा छापलेला, बोट फिरवलं की खालच्या जुन्या लेबलची कड लागते, तसं रील घ्यायचं नाही, लाइन कितीही ओरडत असली तरी. म्हणून बीओएमकडे, म्हणजे लागणाऱ्या पार्टच्या पूर्ण यादीकडे, किमतीच्या क्रमानं बघू नका. कुठला पार्ट एकाच ठिकाणाहून येतो आणि कशाला पर्याय टाकायचा तर बोर्डच बदलावा लागेल, या क्रमानं बघा. इअरबडमध्ये तो पार्ट म्हणजे ब्लूटूथची चिप, कारण तिच्यावर फर्मवेअर (ती चालवणारा प्रोग्राम) लिहिलेलं असतं, आणि दुसरा म्हणजे बॅटरी.

बॅटरीवरून एक कामाचं सांगतो. वायरलेस इअरफोनला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते, आणि टेस्ट रिपोर्टमध्ये महत्त्वाच्या पार्टची यादी असते. पर्यायी बॅटरी सेल आणि पर्यायी चार्जर आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) पहिल्याच टेस्टच्या वेळी यादीत घालून घ्या, थोडा खर्च वाढतो. नंतर घालायला गेलात तर पुन्हा टेस्ट, पुन्हा वाट बघणं, आणि तुटवडा नेमका तेव्हाच असतो. नोंदणी कारखान्याच्या पत्त्यावर असते, म्हणजे कारखाना बदलला की पुन्हा पहिल्यापासून. दोन कारखाने ठेवायचे असतील तर हे आधी ठरवा.

कॅलेंडर भिंतीवर लावा. चिनी नववर्षाला कारखाने दोन-तीन आठवडे बंद, आणि सुट्टीनंतर सगळी माणसं परत येत नाहीत, नवी भरती होते, त्यामुळे पुढचा महिनाभर रिजेक्शन जास्त, त्या काळातल्या मालाची तपासणी कडक ठेवा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांची सुट्टी आणि आपली दिवाळी डोक्यावर. समुद्रमार्गे शेनझेनहून न्हावा शेवाला दोन-तीन आठवडे धरा, वर कस्टम्स. दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये माल विकायचा असेल तर पार्ट जुलैत तिकडून निघाले पाहिजेत, म्हणजे पर्चेस ऑर्डर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे कुठला रंग चालणार हे उन्हाळ्यात ठरलं पाहिजे. रंग दोनच ठेवा. पाच रंगांत तीन हमखास पडून राहतात.

आणि सध्या मेमरीकडे लक्ष असू द्या. एआय सर्व्हरसाठी लागणाऱ्या महाग मेमरीकडे कारखान्यांनी क्षमता वळवल्यानं साधी डीरॅम (फोन-कॉम्प्युटरमधली रॅम) आणि फ्लॅश महागली, मायक्रॉननं तर २०२५ च्या डिसेंबरमध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. इअरबडला मेमरी थोडीच लागते, बहुतेक चिपच्या आतच असते किंवा बाहेर एक छोटी नॉर फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी मेमरी चिप), पण चिपवाल्याला ती नॉर कुठून मिळते आणि त्याच्याकडे किती महिन्यांची आहे हे आत्ताच विचारा, उत्तर मेलवर घ्या. बीओएम तयार झाली की ज्या पार्टला एकच सोर्स आहे त्यांची यादी आणि प्रत्येकाचा लीड टाइम (ऑर्डरपासून माल हातात येईपर्यंतचा वेळ) लिहून टाका, त्यातला कुठला आधी उचलायचा आणि कुठला शेवटी, ते आकडे समोर ठेवून सांगता येईल.